शेवटचे तीन डबे

गास्तों रुकियेनं एकतीस वर्षं ओरियाकच्या स्टेशनवर पाट्या लावल्या. हे काम आता कुठं उरलेलं नाही, म्हणून नीट सांगायला हवं. त्या काळी प्रत्येक डब्याच्या अंगाला, दाराशेजारी, लोखंडाचे दोन आकडे असत. त्या आकड्यांत हातभर लांबीची पांढरी पाटी अडकवायची. पाटीच्या एका अंगाला निळ्या अक्षरांत ‘पॅरिस – ओरियाक’ आणि दुसऱ्या अंगाला ‘ओरियाक – पॅरिस’. दुपारी पॅरिसची गाडी येऊन टेकली, माणसं उतरून गेली, की गास्तों एकेका डब्यापाशी जाऊन पाटी काढी, पुशी आणि उलटून लावी. जानेवारीत लोखंड बोटांना डसायचं. तो हातमोजे घालत नसे. हातमोज्यातून आकडा लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

पाटी लागे, कारण पॅरिसहून निघणारी ती गाडी एक नव्हतीच. ब्रीवपर्यंत सगळे डबे एकत्र येत. ब्रीवला गाडीचे दोन तुकडे होत. पुढचे डबे दक्षिणेला रोदेझच्या वाटेला लागत आणि शेवटचे तीन आमच्याकडं डोंगरात चढत. चुकीच्या डब्यात डुलकी लागली, की माणूस थेट रोदेझला. पण आमच्यातला कुणी कधी चुकत नसे. पोरगी नोकरीला किंवा लग्न होऊन पॅरिसला निघाली, की आई फलाटावर तिचा गाल चुंबताना कानात सांगायची, ‘परत येताना शेवटचे तीन.’ तेवढं पुरे. त्यामुळं एकतीस वर्षांत गास्तोंची पाटी आमच्यातल्या एकाही माणसानं वाचली नाही, आणि याचं गास्तोंला वाईट वाटण्याऐवजी अभिमानच वाटायचा.

“पाटी परक्यांसाठी असते,” तो म्हणायचा. “आपल्या माणसाला आपलं गाव वाचून काढावं लागत नाही.”

हे वाक्य त्यानं कितीजणांना ऐकवलं असेल कुणास ठाऊक. सर्वांत जास्त वेळा ऐकवलं ते त्याच्या बहिणीला.

बहीण सोलांज त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. एकोणीसची असताना तिनं शेजारच्या खोऱ्यातल्या आंतोनँशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर पॅरिसला गेली. आंतोनँचं तिथं छोटं दुकान होतं, दर्शनी भागात कोळसा आणि मागं दारू. आमच्याकडची निम्मी माणसं अशीच पोटाला लागली. पुढं कोळसा गेला, दारू राहिली, टेबलं आली, त्याचं कॅफे झालं. ओरियाकच्या वर, ला बोरी नावाच्या वाडीतल्या काळ्या दगडाच्या घरात आई आणि गास्तों राहिले. कुणीतरी राहायला हवं होतं. गास्तोंनं लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं, तर तो आभाळाकडं बघून पाऊस येईल का याबद्दल बोलायला लागे.

सोलांज दर ऑगस्टमध्ये पंधरा दिवस माहेरी यायची. शेवटच्या तीन डब्यांपैकी मधल्यातून उतरायची आणि उतरल्या उतरल्या भावाच्या हातातली पाटी ओढून घेऊन म्हणायची, “बघू, गावाचं नाव बरोबर लिहिलंय का अजून?” मग सगळा फलाट हसायचा. हळूहळू पंधराचे आठ दिवस झाले. मग एक वर्षाआड. कॅफे बंद ठेवता येत नाही, असं पत्रात यायला लागलं.

आणि मग त्र्याऐंशी सालचा मार्च आला.

आई गुरुवारी गेली. गास्तोंनं तार केली. सोलांजची उलट तार आली, ‘शनिवारच्या गाडीनं निघते. थांबा.’ पाद्रीबाबांनी दोनचा विधी तीनवर नेला. शवपेटी चर्चमध्ये ठेवून गास्तों काळा कोट घालून स्टेशनवर आला. त्या दिवशी पाट्यांचं काम दुसऱ्यानं केलं. तीन डबे आले. दारं उघडली. एक लष्करातला पोरगा उतरला, दोन नन उतरल्या, कोंबड्यांची टोपली घेतलेला एक म्हातारा उतरला. डबे रिकामे झाले, तरी गास्तों प्रत्येक डब्यात चढून बाकांखालीसुद्धा बघून आला, जसं काही ती तिथं लपली असेल. मग तो परत गेला आणि आईला मातीत ठेवलं. सगळी वाडी त्याच्याकडं बघत होती आणि कुणी काही विचारत नव्हतं. दोन दिवसांनी दुसरी तार आली, ‘येता आलं नाही. माफ कर.’ त्यानं ती टेबलाच्या खणात ठेवली आणि खण ढकलून बंद केला.

त्यानंतर अकरा वर्षं. नवीन वर्षाला एक कार्ड यायचं, एक जायचं. दोन्हींवर फक्त सही.

या अकरा वर्षांत गास्तों निवृत्त झाला. पाट्याही त्याच्यामागोमाग निवृत्त झाल्या, काचेला आतून कागद चिकटवायला लागले. स्टेशनमास्तरांनी त्याला एक पाटी भेट दिली. त्यानं ती सरपणाच्या खोलीत, तोंड भिंतीकडं करून ठेवली.

अकराव्या वर्षी थंडीत आंतोनँ वारला. एप्रिलमध्ये सोलांजच्या मुलाचा, थिएरीचा, फोन आला. फोन ला बोरीत आई गेल्यानंतरच्या वर्षी आला होता आणि महिन्यातून दोनदा वाजला तरी पुष्कळ.

“मामा, मी थिएरी बोलतोय. आई मेच्या शेवटच्या शनिवारी तुमच्याकडं यायचं म्हणतेय.”

गास्तोंनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तिला समजवा जरा. विमान आहे ना. सकाळी बसली की सव्वा तासात तुमच्याकडं. नाहीतर मी मोटारीनं आणून सोडतो, पण मला रविवारशिवाय जमत नाही. ती कशालाच तयार नाही. रेल्वेनंच जाणार म्हणते.”

“सव्वा तासात काय दिसणार?” गास्तों म्हणाला. “ढगच की नुसते.”

“तीही हेच म्हणाली. दोघं सारखेच आहात.” थिएरी म्हणाला. “कॅफे विकलं, माहीत असेल तुम्हाला. माझ्याकडं खोली आहे. मला वाटतं तिनं माझ्याजवळ राहावं. पण ती म्हणते, आधी ला बोरी बघते, मग कुठं राहायचं ते ठरवते. तुम्ही तिला उगाच आग्रह करू नका, मामा.”

“मी कशाला करू आग्रह,” गास्तों म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं माडीवरची खोली काढली. चुना लावला. खिडकीचं फळकुट अकरा वर्षं अडकत होतं, ते रंधून सैल केलं. गादी उन्हात टाकली, पावसानं भिजली, परत टाकली. शेजारची मादाम विदाल कुंपणावरून म्हणाली, “पाहुणे येणार वाटतं, गास्तों?” तो म्हणाला, “घुशी झाल्यात.” ती म्हणाली, “घुशींना गादी घालतोयस होय? बरं, बरं.”

शनिवारी त्यानं पहाटे उठून पुंती केली, पालेभाजीत सुके आलुबुखारे आणि डुकराचं मांस घालून भट्टीत भाजतात ती. आईच्या साच्यात. मग काळी छत्री घेतली आणि लाबोरीच्या मोटारीत बसून स्टेशनवर गेला. लाबोरी हे आडनाव, वाडीशी त्याचा संबंध नाही; माणूस गास्तोंचा जुना सोबती. स्टेशनपासून डोंगरातल्या गावांपर्यंत बस चालवायचा. आता बस नव्हती, तोंड मात्र तसंच चालू होतं.

“दाढी केलीस?” लाबोरी म्हणाला. “आई गेली तेव्हापासून तुझा चेहरा बघितला नव्हता मी.”

“रस्त्याकडं बघ.”

दोन चाळीसला गाडी आली. तीन डबे. गास्तों मधल्या डब्याच्या दारासमोर उभा राहिला, कारण पाय आपोआप तिथंच थांबले. दारं उघडली. शाळेची पोरं उतरली, एक जोडपं उतरलं, सायकल घेतलेला एक माणूस उतरला. मग कुणीच नाही. गास्तों डब्यात चढला नाही. या वेळी त्यानं बाकांखाली बघितलं नाही. तो छत्रीवर भार देऊन तसाच उभा राहिला आणि गाडी धुवायला नेली, तेव्हा रिकाम्या रुळांकडं बघत राहिला. लाबोरीला बोलायला पुष्कळ सुचत असणार, पण परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही. गास्तोंला ते त्याच्या टोमण्यांपेक्षा जड गेलं.

घरी येऊन त्यानं पुंतीवर फडकं टाकलं. माडीवर जाऊन खिडकी लावून घेतली. ती अजिबात अडकली नाही.

चारच्या सुमाराला फोन वाजला.

“गास्तुने.”

त्याला या नावानं हाक मारणारी जगात दोनच माणसं होती, त्यातलं एक मातीत होतं.

“कुठून बोलतेस?”

पलीकडं कुठल्यातरी स्टेशनची घोषणा ऐकू आली.

“रोदेझहून.”

“रोदेझहून?”

“स्टेशनवर आहे. इथल्या बाईनं फोन दिलाय वापरायला, जास्त बोलता यायचं नाही. ओरियाकची गाडी आता उद्याच आहे म्हणे.”

“तिथंच बस.”

“बसते. कुठं जाणार आता.”

लाबोरी अजून अंगणातच मोटारीला टेकून मादाम विदालशी बोलत उभा होता. गास्तों दारातून म्हणाला, “रोदेझला जायचंय.”

लाबोरीनं सिगारेट विझवली. “नव्वद किलोमीटर? नुसती वळणं?”

“बहीण तिथं उतरलीय.”

लाबोरी त्याच्याकडं बघतच राहिला. मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हलायला लागलं. “रुकियेची बहीण. पाटीवाल्या रुकियेची. रोदेझला उतरली.”

“चल.”

“रोदेझवाल्यांना कळलं ना, की ओरियाकच्या माणसांना आपलं गाव सापडत नाही, तर पुढची पन्नास वर्षं...”

“लाबोरी.”

“चला, चला.”

गास्तों साठीला आला होता, पण या रस्त्यानं इतक्या लांब तो कधीच गेला नव्हता. लोकांना आणण्या-पाठवण्यात त्याचा जन्म गेला, स्वतः मात्र तो एकदाही त्या डब्यांत बसून कुठं गेला नव्हता. आर्पाजोंच्या पुढं त्यांना गुरं आडवी आली. वर कुरणांवर निघालेला कळप, लाल केसाळ गाई, शिंगांना झेंडे आणि कागदी फुलं, गळ्यात घंटा. मोटार मधोमध उभी करून थांबायचं, दुसरं काय. एक गाय काचेतून आत तोंड घालायला बघत होती. लाबोरी म्हणाला, “यांना कोण सांगतं रे कुठं जायचं? पाटीबिटी काही नाही, आणि चालल्यात सरळ.” गास्तों हसला नाही. त्याचं लक्ष घंटांकडं होतं. आई ला बोरीच्या दारात उभी राहून नुसत्या घंटेवरून सांगायची, कळप कुणाचा ते.

मोंसाल्वीनंतर रस्ता खाली नदीकडं उतरत गेला, वळणामागं वळण. मग पूल, मग परत चढ. संध्याकाळी साडेसहाला लांबून रोदेझच्या मोठ्या चर्चचा तांबडा मनोरा दिसला.

सोलांज फलाटावरच्या बाकावर बसली होती. पायाशी एक छोटी सूटकेस. केस पांढरे, पाठ सरळ. गास्तोंला वाटलं, आईच बसलीय. तो जवळ गेला. तिनं वर बघितलं.

“म्हातारा झालास,” ती म्हणाली.

“तू कुठल्या डब्यात बसलीस?” गास्तों म्हणाला. अकराहून जास्त वर्षांनंतर बहिणीशी समोरासमोर बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

“पुढच्या.”

“पुढच्या? अगं, शेवटचे तीन. शेवटचे तीन. शेंबड्या पोराला माहीत आहे.”

“मला शिकवू नकोस. पंचेचाळीस वर्षं कॅफेत येणाऱ्या प्रत्येक माणसाला मीच सांगत आले, ओरियाकला जायचं तर शेवटचे तीन.”

“मग?”

सोलांजनं सूटकेसच्या कडीवरून बोट फिरवलं.

“गेल्या खेपेला शेवटच्या तीनमध्येच बसले होते,” ती म्हणाली. “आणि याच बाकावर येऊन बसले. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. समोर ते घड्याळ आहे ना, तेच. म्हणून या वेळी पुढं बसले.”

गास्तोंला आधी समजलंच नाही. मग समजलं, ते डोक्यात नाही, हातात समजलं. त्र्याऐंशी साल. त्या वर्षभर ब्रीवला रुळांची कामं चालली होती आणि पॅरिसची गाडी उलटी जोडली जायची. आमचे डबे पुढं, रोदेझचे मागं. रोज दुपारी त्यानं स्वतः त्या डब्यांना पाट्या लावल्या होत्या. गाडी कशी जोडलीय, याच्यावर जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारल्या होत्या. ओरियाकमध्ये हे ज्याला सर्वांत आधी कळलं, तो माणूस गास्तोंच होता. आणि अकरा वर्षांत त्याच्या मनात एकदाही आलं नाही.

“डब्यावर पाटी होती,” तो हळू म्हणाला. “प्रत्येक दाराशी होती.”

“असणारच. तुझ्यासारख्याच कुणी लावलेली असणार.” ती म्हणाली. “मी कशाला वाचू? परकी होते का मी?”

लाबोरी थोडा पलीकडं सरकून वेळापत्रक वाचायला लागला.

“सांगितलं का नाहीस?”

“कुणाला? तुला?” सोलांज हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. “आईच्या मातीला पोचायचं होतं आणि आपल्याच गावाची गाडी चुकले, हे मी पाटी लावणाऱ्या भावाला सांगू? इथं बसून दोन तास विचार केला. इथून फोन करायला तुमच्याकडं फोन नव्हता. मग संध्याकाळची पॅरिसची गाडी आली, तीत बसले. आंतोनँलासुद्धा सांगितलं नाही. त्याला वाटलं, मी माती देऊन आले. त्यानं विचारलं, कोण कोण आलं होतं? मी सांगत गेले. एकेकाचं नाव घेत गेले.”

गास्तोंनं सूटकेस उचलली. अगदी हलकी होती. तीन दिवसांचे कपडे. ती राहायला आलेली नाही, तेही त्याला कळलं.

परत तीच वळणं लागली. मोंसाल्वीचा चढ संपला, तिथं लांबवर आमचे डोंगर एकदम समोर येतात, माथ्यावर अजून बर्फाच्या रेघा. सोलांजनं मागच्या सीटवरून लाबोरीच्या खांद्याला हात लावला. “थांबव जरा.” ती उतरली नाही. काच खाली करून बसली. थंड वारा आत आला. “यासाठी रेल्वेनं यायचं होतं मला,” ती म्हणाली. “ब्रीवनंतर डाव्या खिडकीतून हे असंच समोर येतं. मी डावी खिडकी धरूनच बसले होते. नुसती द्राक्षांची शेतं येत राहिली. तरी मी स्वतःला सांगत होते, येतील, पुढच्या वळणाला येतील.”

मे महिन्यात आमच्याकडं साडेनऊपर्यंत उजेड असतो. ला बोरीला पोचल्यावर ती घरात शिरली नाही. आधी दफनभूमीत गेली. गास्तों फाटकापाशी थांबला. थडग्यापाशी जाऊन तिनं वाकून दगडावरची वाळकी पानं हातानं झाडली आणि स्वच्छ आवाजात, जेवायला उशीर झाल्याचं सांगावं तसं म्हणाली, “आई, गाडी चुकली गं.”

मग दोघांनी थंडगार पुंती खाल्ली.

रविवारी तिनं आईचं कपाट उघडलं, मिटलं. सोमवारी मादाम विदालबरोबर मळ्यात गेली. माडीवरची खिडकी ती पुन्हापुन्हा उघडे आणि लावे. गास्तोंनं आग्रह केला नाही. तो सरपण फोडत राहिला, मे महिना होता तरी. थिएरीचा फोन आला, विमानाचं तिकीट काढतो म्हणाला. ती म्हणाली, जशी आले तशीच जाईन.

मंगळवारी लाबोरीनं दोघांना स्टेशनवर सोडलं. गाडी लागली होती, तीन डबे. गास्तोंनं सूटकेस मधल्या डब्यात चढवली. दोघं खाली उभे राहिले. त्याला पुष्कळ विचारायचं होतं आणि एकच विचारायचं होतं. सोलांजनं त्याचा गाल चुंबला. मग तिथून तिकीट तपासनीस चालला होता, विशी-बाविशीतला पोरगा, त्याला तिनं हाक मारली.

“अहो, जरा सांगाल का?” ती म्हणाली. सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “पॅरिसहून ओरियाकला यायचं, तर कुठल्या डब्यात बसायचं?”

गास्तों तिच्याकडं बघत राहिला.

“कधी यायचंय, मादाम?” पोरगा म्हणाला.

“सप्टेंबरात. सामान जास्त असेल.”

“मग डब्याचा प्रश्नच नाही. सप्टेंबरपासून थेट डबे बंद होतायत. ब्रीवला उतरायचं आणि गाडी बदलायची.”

“कुठल्या फलाटावर?”

“ते तिथं विचारावं लागेल.”

“विचारीन,” सोलांज म्हणाली.

गाडी सुटली. गास्तों शेवटच्या डब्याचे दिवे वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला. घरी आल्यावर सरपणाच्या खोलीतून पाटी काढली, फडक्यानं पुसली आणि फाटकाच्या खांबात दोन आकडे ठोकून बसवायला घेतली. तेवढ्यात पोस्टमन आला.

“काय हो रुकिये, घर गाडीला जोडताय की काय?” तो म्हणाला. “ही कुणासाठी? इथं यायची वाट आम्हाला सगळ्यांना पाठ आहे.”

गास्तोंच्या तोंडात खिळा होता, त्यामुळं त्याला लगेच बोलता आलं नाही. त्यानं पाटी उचलून ‘पॅरिस – ओरियाक’ ही बाजू रस्त्याकडं केली, आकड्यात अडकवली आणि हलवून बघितली. घट्ट बसली होती. मग खिळा हातात काढून घेतला.

“सप्टेंबरला किती आठवडे राहिले?” त्यानं विचारलं.